'होगलि बिडु' म्हणण्याआधी

शब्दांचे प्रवास मोठे गमतीचे असतात. 'तक्रार' हा शब्द मुळात अरबी. तिकडे त्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा करणे, पुन्हा पुन्हा सांगणे'. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि प्रत्येक भाषेने त्याला आपल्या स्वभावाप्रमाणे वळण दिले. हिंदीत त्याचे भांडण झाले. कन्नडमध्ये 'तकरारु' म्हणजे हरकत, वाद. मराठीत मात्र तो गाऱ्हाण्याच्या अर्थाने रुळला. गाऱ्हाण्याला कन्नडमध्ये वेगळा शब्द आहे, 'दूरु'. मराठी कानाला तो 'दूर' असा ऐकू येतो आणि आपल्या बाबतीत तो अर्थही खोटा नाही. ज्याच्याकडे तक्रार करायची तो आपल्याला कायम दूरचा वाटतो.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत तक्रारीपेक्षा जास्त ऐकू येणारे शब्द वेगळेच आहेत. बिस्किटाचा पुडा मऊ निघाला, की सासूबाई म्हणतात, 'जाऊ दे.' मिक्सरचे भांडे महिन्याभरात गळायला लागले, की सूनबाई म्हणते, 'होगलि बिडु.' भाषा दोन, पण सल्ला एकच. या सल्ल्याने घरातली भांडणे मिटतात हे मान्य. नणंद-भावजयींच्या बाबतीत तो सोन्यासारखा आहे. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत तो आपल्याला महागात पडतो, आणि आपल्यानंतर तीच वस्तू विकत घेणाऱ्याला त्याहून महागात पडतो.

एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीकडे गेलेल्यांना हा भाग परिचयाचा असेल. डिचोली तालुक्यातल्या मावळिंगे येथे नेस्ले कंपनीचा कारखाना 1997 पासून आहे. मॅगीच्या शेवया जिथे तयार होतात त्या देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. दुसरे ठिकाण आपल्या कन्नड वाचकांना जवळचे, म्हैसूरजवळचे नंजनगुडू. म्हणजे बेळगावच्या स्वयंपाकघरातले ते पिवळे पाकीट घाटाखालच्या एखाद्या कामगाराच्या हातून गेलेले असू शकते, तसेच कावेरीच्या खोऱ्यातल्या कामगाराच्याही.

2015 चा जून महिना आठवा. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी येथे घेतलेल्या नमुन्यात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त सापडल्याचा अहवाल आला. मर्यादा दशलक्ष भागांत 2.5 भागांची, आणि अहवालातला आकडा 17.2. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 5 जून 2015 रोजी देशभर विक्री थांबवण्याचा आदेश दिला. घरोघरी पाकिटे कचऱ्यात गेली, दुकानदारांनी खोकी परत पाठवली, कारखान्यांत मॅगीचे काम थांबले. मौज अशी, की गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेले नमुने मर्यादेत होते, आणि पुढे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या नामांकित संस्थेत पाठवलेले गोव्यातले नमुनेही ठीक निघाले. 13 ऑगस्ट 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. कारणे दोन दिली. कंपनीला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी दिली गेली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती. त्यानंतर मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि 9 नोव्हेंबरला मॅगी बाजारात परतली. तोवर नंजनगुडू, पंजाबातले मोगा आणि आपली डिचोली, या तीन ठिकाणी उत्पादन पुन्हा सुरू झाले होते. सरकारने ग्राहकांच्या वतीने राष्ट्रीय ग्राहक आयोगात मागितलेली सुमारे 640 कोटी रुपयांची भरपाई मात्र एप्रिल 2024 मध्ये फेटाळली गेली.

कंपनी बरोबर की सरकार, हा निवाडा मी येथे करत नाही. मला दुसरीच गोष्ट खटकते. त्या पाच महिन्यांत सरकार बोलले, न्यायालय बोलले, प्रयोगशाळा बोलल्या, दूरचित्रवाणीवरचे निवेदक तर घसा बसेपर्यंत बोलले. कंपनी सुरुवातीला ग्राहकांशी फारशी बोलली नाही अशी टीका तेव्हा झाली. आणि ज्यांच्या मुलांच्या ताटात ते पाकीट रिकामे होत होते, ते आपण? आपण एकमेकांशी बोललो. पाकिटाच्या मागे छापलेला पत्ता वाचून 'माझ्या घरातल्या या बॅचचे काय?' असे विचारणारे किती निघाले? माझ्या ओळखीत तरी एकही नाही.

असे विचारण्याने काय होते, हे मला एका माजी विद्यार्थ्याकडून समजले. तो एका औद्योगिक वसाहतीतल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या विभागात आहे. तो म्हणाला, "सर, 'तुमचा माल वाईट आहे' असे कोणी म्हटले तर आम्हाला काहीच करता येत नाही. पण बॅच नंबर आणि तारीख सांगितली, की सगळे उलगडते. कोणती पाळी होती, कोणते यंत्र चालू होते, पीठ कोणाकडून आले होते, सगळे वहीत असते. त्या बॅचचे एक पाकीट आम्ही राखून ठेवलेले असते, ते फोडून बघतो." पाकिटावरचे ते बारीक अक्षरांतले आकडे म्हणजे कारखान्याचा पत्ताच. तो पत्ता घालून लिहिलेले पत्र योग्य यंत्रापाशी पोचते. न घालता केलेला त्रागा हवेत विरतो.

अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना आल्बर्ट हर्शमन हे नाव माहीत असते. त्यांनी 1970 मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. विचार साधा आहे. एखादी संस्था वा कंपनी घसरू लागली, की ग्राहकापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा बोलणे. बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात, निघून जाणे पुरेसे आहे, गिऱ्हाईक तुटले की कंपनी आपोआप सुधारते. हर्शमन यांनी नायजेरियातल्या रेल्वेचे उदाहरण दिले. तिथे भुईमुगाची वाहतूक दूरवरून बंदरापर्यंत होत असे. रेल्वेचा कारभार ढिसाळ, आणि शेजारी ट्रकांची सोय. खरे तर स्पर्धेमुळे रेल्वे सुधारायला हवी होती, पण झाले उलटे. ज्यांना सर्वांत जास्त त्रास होत होता आणि ज्यांनी आरडाओरडा केला असता, तेच व्यापारी गुपचूप ट्रककडे वळले. रेल्वेला ओरडणारे कोणी उरले नाही. ती तशीच राहिली, आणि ज्यांना ट्रक परवडत नव्हता त्यांच्या वाट्याला ती आली.

हे वाचताना मला पेडणे आणि डिचोलीतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा आठवतात. पट घसरत गेला, शिक्षक कमी झाले, काही शाळांना कुलूप लागले. ज्या पालकांचा आवाज गावात चालत होता, तेच पहिल्यांदा आपली मुले घेऊन दुसरीकडे गेले. त्यांना दोष देत नाही, आपले मूल कोणालाही प्रयोगाला द्यावेसे वाटत नाही. पण जाण्याआधी एक लेखी अर्ज, एक बैठक, एक प्रश्न झाला असता, तर मागे राहिलेल्या मुलांना काही आधार उरला असता. सीमेपलीकडच्या मराठी आणि कन्नड शाळांची गोष्ट सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

साबण, कुकर आणि मोबाइलच्या बाबतीतही हेच होते. अमेरिकेत 1970 च्या दशकात तिथल्या सरकारी ग्राहक कार्यालयासाठी एक मोठी पाहणी झाली होती. तीत दोन गोष्टी दिसल्या. नाराज ग्राहकांतले बहुतेक जण कंपनीला काही सांगतच नाहीत. आणि ज्यांनी सांगितले व ज्यांचे गाऱ्हाणे नीट सुटले, ते पुन्हा त्याच कंपनीकडे येतात. म्हणजे गप्प बसणारा ग्राहक कंपनीलाही परवडत नाही. तो का गेला हे तिला कधी कळतच नाही.

आता कोणी म्हणेल, आम्ही बोलतो की! दुकानदाराला चांगले सुनावतो. इथेच खरी गोम आहे. पेडण्याच्या बाजारातला दुकानदार हा नुसता विक्रेता नसतो. तो आपल्या वडिलांच्या ओळखीचा असतो, चतुर्थीच्या सामानाची उधारी त्याच्या वहीत असते, त्याची मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात असते. त्याने ते पाकीट तयार केलेले नाही, उघडूनही पाहिलेले नाही. त्याच्यावर ओरडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. ओरडलो तर संबंध बिघडतात, न ओरडलो तर दोष राहतो. समजा, तो भला माणूस आहे आणि त्याने आपले म्हणणे पुढे पोचवायचे ठरवले. तो म्हापशाच्या वितरकाला सांगणार, वितरक कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीला, प्रतिनिधी आपल्या साहेबाला. चौथ्या तोंडी जाईपर्यंत 'कुकरची शिटी होत नाही' याचे 'गिऱ्हाईक कुरकुर करते आहे' असे होते. थेट लिहिण्याचा पहिला फायदा हा, की आपले शब्द आपलेच राहतात. दुसरा फायदा, शेजारधर्म शाबूत राहतो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. वहिनी बैलहोंगलच्या. लग्न होऊन पेडण्याला आल्या त्याला वीस वर्षे झाली, मराठी उत्तम बोलतात, पण लिहायचे म्हटले की हात कन्नडकडेच वळतो. त्यांनी घेतलेल्या नव्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोन महिन्यांत दोनदा गेला. दुसऱ्या वेळी आमटी छतापर्यंत उडाली. सुदैवाने स्वयंपाकघरात कोणी नव्हते. दुकानदाराने दोन्ही वेळा व्हॉल्व्ह फुकट बदलून दिला. दादा म्हणाला, "जाऊ दे, त्याने पैसे कुठे घेतले?" वहिनींना ते पटले नाही. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, पैशांचं नाही हो. माझ्या जागी कुणाची लहान मुलगी चुलीपाशी उभी असती तर?" खोक्यावर ग्राहक सेवेचा पत्ता बेंगळुरूचा होता. त्यांनी कन्नडमध्ये एक पानी पत्र लिहिले. त्यात राग नव्हता. कुकरच्या बुडावर कोरलेला क्रमांक, खरेदीची तारीख, त्या दिवशी डाळ किती, पाणी किती, गॅस किती वेळ चालू होता, एवढेच. शेवटी एक ओळ: तुम्ही कारण शोधून मला कळवावे.

अठराव्या दिवशी फोन आला, कन्नडमध्येच. कुकर नेला, तपासला. त्या मालातल्या काही शिट्यांच्या वजनात दोष होता, त्यामुळे वाफ वेळेवर सुटत नव्हती. वहिनींना नवा कुकर मिळाला हे ठीकच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आमच्या दुकानदाराकडच्या शिल्लक कुकरांच्या शिट्याही कंपनीने बदलून दिल्या. तो आजही वहिनींना मानाने नमस्कार करतो. कन्नडमध्ये एक म्हण आहे, 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.' जेवायचे कसे हे ज्याला कळते त्याला रोग नाही, बोलायचे कसे हे ज्याला कळते त्याला भांडण नाही. वहिनींचे पत्र म्हणजे या म्हणीचा दुसरा अर्धा भाग.

कुकरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. घरगुती प्रेशर कुकरला 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तरीही तसे चिन्ह नसलेले कुकर घरपोच विकले गेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये ॲमेझॉनला 2,265 आणि फ्लिपकार्टला 598 अशा कुकरांच्या खरेदीदारांना कळवून, माल परत घेऊन पैसे द्यायला सांगितले, दंडही केला. तेव्हा नवा कुकर घेताना आधी ते चिन्ह पाहा.

आपल्या मराठी मुलखात ग्राहक चळवळ काही नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने 1970 च्या दशकात ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले. मुंबई ग्राहक पंचायत 1975 ची. संगीतकार सुधीर फडके हेही त्या कामात होते, हे अनेकांना ठाऊक नसते. गाणी ऐकताना आपण त्यांना ओळखतो, वजनकाट्याच्या बाजूला उभे राहिलेले बाबूजी मात्र विसरतो. गोव्यात म्हापशाहून काम करणारी 'गोवा कॅन' ही संस्था अनेक वर्षे ग्राहकांना तक्रार कशी करावी हे शिकवत आली आहे. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. 24 डिसेंबर या तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याही आधी, 15 मार्च 1962 रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे चार हक्क सांगितले होते. त्यांतला एक होता, आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. हक्क ऐकले जाण्याचा आहे, पण ऐकणाऱ्यासमोर आधी काही बोलावे लागते, हे आपण विसरतो.

या कामाची परंपरा तर फार जुनी. ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक वीट आहे, इसवी सनापूर्वी सुमारे 1750 ची, उर शहरातली. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेले ते पत्र आहे. तू चांगला माल देतो म्हणालास आणि हलका दिलास, माझ्या माणसाला अपमानाने परत पाठवलेस, यापुढे मी माझ्या अंगणात एकेक नग पारखून घेईन, असा त्याचा आशय. पावणेचार हजार वर्षे झाली. त्या व्यापाऱ्याचे नाव आज जगाला माहीत आहे ते एका गिऱ्हाइकाने थेट त्यालाच लिहिले म्हणून. नान्नी बाजारात नुसता कुरकुरत बसला असता तर आपल्याला काहीच कळले नसते.

"पण आम्हाला इंग्रजी कुठे येते?" ही अडचण मला अनेकजणी सांगतात. यामागे एक इतिहास आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले आणि 1961 पर्यंत राहिले. त्या काळात दरबाराची भाषा पोर्तुगीज. आपले दुःख आपल्या भाषेत मांडता येत नसे, लिहून देणारा शोधावा लागे. ती भीती पिढ्यान्पिढ्या अंगात मुरली. आज तसे नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सरकारी कामात वापर करता येतो. कंपन्यांना असा कायदा लागू नाही. पाकिटावरचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असला की वजनमापाचा नियम पुरा होतो, त्या नियमात मराठी वा कन्नड सक्तीची नाही. पण कंपनीला माल आपल्या गावात विकायचा आहे. जाहिरात मराठीत आणि कन्नडमध्ये करणाऱ्याला तक्रार त्या भाषेत वाचता आलीच पाहिजे. जितकी पत्रे आपल्या भाषेत जातील, तितकी ती वाचणारी माणसे तिथे नेमावी लागतील. ते काम आपल्याच एखाद्या मुलाला मिळेल, हाही हिशेब करा.

आता कसे लिहावे? त्यासाठी इंग्रजी व्यवहारलेखनाचे पुस्तक नको. आपल्या पेडणे महालात देवळात गाऱ्हाणे घालतात, ते आठवा. गाऱ्हाण्यात आधी देवाचे नाव घेऊन हाक असते, मग कोणाच्या वतीने बोलतो ते, मग काय संकट आहे ते, आणि शेवटी नेमके काय मागणे आहे ते. त्यावर जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. उत्तम तक्रारपत्राचा नमुना हाच. कोणाला, कोणी, काय झाले, काय हवे. 'नुकसानभरपाई द्या' इतकेच न लिहिता 'वस्तू बदलून द्या' किंवा 'अमुक रुपये परत करा' असे स्पष्ट मागावे. बिलाची प्रत जोडावी, मूळ बिल आपल्याकडे ठेवावे. बॅच नंबर, तयार झाल्याची तारीख आणि खाद्यपदार्थ असेल तर परवान्याचा 14 आकडी क्रमांक उतरवावा. पाकीट फेकू नये. ईमेल येत असेल तर ईमेल, नाहीतर स्पीड पोस्ट. फोन केला तर तक्रार क्रमांक मागून वहीत लिहावा.

पत्ता शोधायची गरज नाही. 2011 च्या नियमांनुसार प्रत्येक बंद पाकिटावर तक्रारीसाठी नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल छापणे बंधनकारक आहे. एक सावधगिरी मात्र घ्या. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले खोटे नंबर असतात, फोन केला की गोड बोलून खाते रिकामे करतात. पाकिटावरचा, पासबुकावरचा किंवा बिलावरचा नंबरच खरा मानावा. फसगत झालीच तर तात्काळ 1930 वर कळवावे.

कंपनीने दाद दिली नाही तर? इथेही आधी केलेली थेट तक्रारच उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला लेखी कळवून 30 दिवस थांबावे लागते. विमा लोकपालाचेही तसेच, आधी कंपनी. मोबाइलच्या बाबतीत आधी तक्रार केंद्राचा क्रमांक, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील. घरपोच माल विकणाऱ्या कंपन्यांना 2020 च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे, 48 तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक केले आहे. म्हणजे पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी पायरी मिळत नाही. त्यापुढे 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते, कन्नडमध्येही येते.

आणि शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सीमाभागातल्या कुटुंबांची मोठी सोय केली आहे, ती आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. पूर्वी जिथे विक्रेता वा कंपनी असे, किंवा जिथे व्यवहार झाला असेल, तिथेच तक्रार करावी लागे. बेळगावच्या बाजारातून फ्रीज घेतलेल्या डिचोलीच्या माणसाला घाट चढून तारखा कराव्या लागत. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बेळगावच्या लेकीने डिचोलीच्या सासरी राहून बेळगावच्या दुकानाविरुद्ध उत्तर गोव्यात दाद मागावी, किंवा म्हापशातून माल घेतलेल्या खानापूरकराने बेळगावातच मागावी. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. 'होगलि बिडु' म्हणता म्हणता ती कधी सरते ते कळत नाही.

एक पथ्य आपणही पाळले पाहिजे. तक्रार खरी असावी. वापरून झिजलेली चप्पल 'सदोष' म्हणून परत करणारे, लग्नात एकदा नेसून साडी परत पाठवणारेही आपल्यात आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या ग्राहकाकडे संशयाने पाहिले जाते. तसेच, कंपनीला एक शब्द न विचारता व्हॉट्सॲपवर 'अमुक पदार्थात तमुक सापडले' असा व्हिडिओ पुढे ढकलणे म्हणजेही तक्रार नव्हे. 2017 मध्ये प्लास्टिकच्या तांदळाची आवई अशीच घरोघर फिरली होती. मॅगीच्या प्रकरणात न्यायालयाने जे सांगितले ते आपल्यालाही लागू आहे. दुसऱ्याची बाजू आधी ऐकावी. थेट कंपनीला लिहिणे म्हणजे तिला आपली बाजू मांडायची संधी देणे. आणि फोनवर पलीकडे बसलेला मुलगा किंवा मुलगी हुबळीची असेल, पुण्याची असेल, पगारावर काम करणारी असेल. तिने कुकर बनवलेला नाही. तिच्याशी सौम्यपणे बोलावे, पण मुद्दा सोडू नये.

शंभरांतली काही पत्रे वाया जातील. काही कंपन्या छापील उत्तर पाठवून गप्प बसतील. तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ आठवावा: तक्रार म्हणजे पुन्हा सांगणे. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, तर पहिल्याची तारीख घालून दुसरे लिहावे. या आठवड्यात घरातली एखादी वस्तू बिनसली असेल, तर ती फेकण्याआधी उलटी करून मागचा मजकूर वाचा. घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बसवा आणि पत्र त्याच्याकडून लिहून घ्या, मराठीत किंवा कन्नडमध्ये, जी भाषा त्याला लिहायला सोपी जाते तीत. त्याचे शुद्धलेखन सुधारेल, आणि मोठ्या माणसांना प्रश्न विचारता येतो हे त्याला शाळेच्या पुस्तकाबाहेर एकदा तरी कळेल.